दारावरचा जावई

जळगावच्या एका बिल्डरच्या घरच्या लग्नात अभिमन नानांनी ते पहिल्यांदा पाहिलं. लॉन्सच्या फाटकाशी पांढऱ्या कोटातली दोन मुलं उभी होती. पाहुण्यांच्या मोबाइलवरची लशीची सर्टिफिकेटं ती तपासत, कपाळासमोर तापाची बंदूक धरत, हातांवर फवारा मारत आणि मग वाकून ‘या’ म्हणत. नाना धरणगावला परतले ते हेच डोक्यात घेऊन. आपल्या ऋतिकाच्या लग्नातही असा माणूस पाहिजे.

त्या हिवाळ्यात दोन्ही डोस झालेल्यांनाच लग्नाला येऊ द्यायचं, असा सरकारी नियम होता. तो सगळ्यांना ठाऊक होता आणि गावोगावची लग्नं त्याच्या नाकावर टिच्चून होत होती. नानांनी स्वतःच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या मजुरांना कधी साधे मास्कही दिले नव्हते. पण धुळ्याचे देवरे त्यांचे व्याही होणार होते. ट्रॅक्टरची शोरूम, पेट्रोल पंप असं देवऱ्यांचं प्रस्थ होतं, आणि त्यांच्यासमोर जे जे मिरवता येईल ते नानांना फाटकापासूनच मिरवायचं होतं.

“बाहेरची पोरं नकोत,” नानांचा मुनीम रतिलाल म्हणाला. “ती कोणाला ओळखत नाहीत. एखाद्या मोठ्या माणसाला अडवून बसतील.”

तेव्हा नानांना आपला थोरला जावई आठवला.

दीपक चाळीसगावात एका लॅबमध्ये कामाला होता. सकाळी मोटरसायकलवर घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचा आणि दुपारी लॅबमध्ये बसायचा. मोहिनीचं आणि त्याचं लग्न झालं तेव्हा नाना कापसाची दलाली करत होते, दोन खोल्यांच्या घरात राहत होते, आणि मुलगा शिकलेला आहे म्हणून दीपकच्या घरी स्वतः चार खेपा घालून आले होते. पुढे जिनिंग झालं, बंगला झाला. जावई होता तिथेच राहिला. नव्या घरात जुनं कपाट कुठे ठेवावं असा प्रश्न पडतो, तसा नानांना दीपकचा प्रश्न पडू लागला. मोडायचंही नाही आणि दिवाणखान्यात दिसायलाही नको.

लग्नाच्या आठवडाभर आधी रतिलाल गाडी घेऊन चाळीसगावला आला. त्याने एक पाकीट आणि एक नवा कोरा पांढरा कोट टीपॉयवर ठेवला. कोटाच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत छापलं होतं: ‘अभिमन परिवार आपले सहर्ष स्वागत करीत आहे’.

मोहिनीने पाकिटाकडे पाहिलं. “हे काय आहे, रतिलालभाऊ?”

“नानांनी पाठवलंय. दीपकरावांचा दिवस मोडतो ना. फुकट काम नको, म्हणाले.”

“जावयाला रोजंदारी देतात का?”

रतिलालने कोटाची घडी उगाच सारखी केली. “मला सांगितलं ते मी आणलं, ताई.”

मोहिनीने पाकीट उचलून त्याच्या हातात परत कोंबलं. दीपकने कोट उचलून घेतला. तो म्हणाला, “पाकीट घेऊन जा. कोट राहू द्या. मी उभा राहीन.”

रतिलाल गेल्यावर मोहिनी नवऱ्याकडे वळली. तिचं तोंड कडू झालं होतं. “बापाने तुम्हाला गडी केलं आणि तुम्ही होकार भरलात. कणा नावाची काही वस्तू असते माणसाला.”

“आई लग्नातूनच आजार घेऊन आल्या होत्या,” दीपक म्हणाला. “पारोळ्याच्या त्या लग्नात दारावर कोणी असतं, तर?”

 मोहिनीची आई मार्चमध्ये पारोळ्याला भाऊबंदांकडच्या लग्नाला गेली होती. तिथून ताप घेऊन आली आणि एप्रिलमध्ये जळगावच्या दवाखान्यात वारली. ती दवाखान्यात होती त्या सगळ्या दिवसांत नाना बाहेर गाडीच्या काचा वर करून बसायचे. मला बीपी आहे, म्हणायचे. आत जायचा तो दीपक. अंगभर प्लास्टिकचा पोशाख चढवून त्याने सासूला पेज भरवली, तिची कूस बदलली, आणि शेवटी नगरपालिकेच्या माणसांबरोबर उभं राहून अग्नीही त्यानेच दिला. महिन्याभराने भेटायला येणाऱ्यांना नाना सांगत होते, “मी काही कमी केलं नाही. दिवसरात्र दवाखान्यात होतो.” ऐकणारे मान हलवत होते आणि मोहिनी चहाचे कप उचलत होती.

घरात मृत्यू झाल्यावर वर्षाच्या आत शुभकार्य झालं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून ऋतिकाच्या लग्नाची ही घाई होती.

*

लग्नाच्या दिवशी सकाळपासून दीपक लॉन्सच्या फाटकाशी उभा होता. बाजूला छोटा तंबू, दोन खुर्च्या, तपासणीच्या किट. पाठीवर सासऱ्याच्या नावाची सोनेरी अक्षरं. मोहिनीला आधी तिकडे बघवेना. तिच्या मनात बापाविषयी तिटकारा होता, तितकाच नवऱ्याविषयीही होता, आणि दुसरा तिला जास्त जाचत होता.

पण आत-बाहेर करताना तिची नजर जायचीच. दीपक कोणावर आवाज चढवत नव्हता. ज्यांच्या मोबाइलमध्ये सर्टिफिकेट उघडत नव्हतं त्यांना तो स्वतः उघडून देत होता. ज्यांचे डोस झाले नव्हते त्यांना तंबूत बसवून नाकातून नमुना घेत होता, तोवर त्यांच्या पोराबाळांची चौकशी करत होता. खेड्यावरचे लोक मुकाट्याने बसत होते. एका चुलतभावाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. दीपकने त्याला बाजूला नेऊन काय सांगितलं कोण जाणे, तो नमस्कार करून आल्या गाडीने परत गेला. घरी म्हातारी आई आहे, हे दीपकने त्याला विचारून घेतलं होतं; तिच्यापासून वेगळं राहा, असंच काही सांगितलं असावं.

नाना खूश होते. फोटोग्राफरला घेऊन ते दोनदा फाटकाशी आले. “याचा एक घ्या. मागून घ्या, नाव दिसलं पाहिजे,” म्हणाले. दीपक पाठ करून उभा राहिला. नानांनी त्याला चहा विचारला नाही.

उन्हं चढली तशी देवऱ्यांची वरात फाटकाशी आली. बँड थांबला. मोहिनी पंचारती घेऊन पुढे उभी होती, कारण आई नसल्याने ओवाळायचा मान तिचा होता. नवरदेवाच्या पुढे त्याचे काका चालत होते. त्यांना सगळं धुळं देवरे आबा म्हणून ओळखत होतं. डोक्याला भरजरी फेटा, मास्क हनुवटीखाली.

दीपकने हात जोडले. “आबा, सर्टिफिकेट दाखवता का?”

“माझ्याकडे नाही,” आबा म्हणाले. “मी लस घेतली नाही आणि घेणारही नाही. रोज सकाळी ठेचा-भाकरी खातो. आजाराला माझ्या अंगात शिरायची छाती पाहिजे.”

वऱ्हाडातले आठ-दहा जण हसले. मोठ्या माणसाच्या विनोदाला हसायचं कामच ते वर्षानुवर्षं करत असावेत.

“काही हरकत नाही,” दीपक म्हणाला. “इथे सावलीत बसा. नमुना घेतो. चहा पिऊन होईपर्यंत समजतं.”

“माझ्या नाकात काडी घालणार?” आबांनी दीपकला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कोण आहे हा?”

नाना गर्दीतून धावतच आले. फेटा कलला होता. “काय झालं, आबा? काय झालं?”

“तुमचा माणूस मला आत सोडत नाही.”

नानांनी दीपककडे पाहिलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं. मोहिनीला वाटलं, आता ते सांगतील. ते म्हणाले, “राग मानू नका आबा. लॅबचा माणूस आहे. भाड्याने आणलाय. आपली माणसं कोण, परकी कोण, याला काय कळणार.” आणि दीपककडे वळून, “बाजूला हो रे.”

इतक्या वर्षांत त्यांनी दीपकला ‘रे’ म्हटलं नव्हतं.

दीपक बाजूला झाला नाही.  मोहिनी पंचारती घेऊन पुढे झाली. तिने तोंड उघडलं, पण तिच्या आधीच दुसरा आवाज आला.

नानांची म्हातारी आत्या, झुंबरबाई, रिक्षातून उतरून काठी टेकत फाटकाशी आली होती. पांढरा कोट पाहून तिला काही वाटलं नाही, मास्कवरचे डोळे मात्र तिने ओळखले. तिने लगबगीने पदर डोक्यावर ओढला, कारण जावयासमोर उघड्या डोक्याने उभं राहायची तिची रीत नव्हती.

“जवाईबापू, तुम्ही आठे उनमा काबर उभा?”

जावई भर उन्हात का, हे तिला कळेना. तिने नानांकडे पाहिलं.

“अभिमन, मोठा जवाई शे ना हाऊ आपला? याले दारवर उभा करी दिधा? बठ्ठा पाव्हना मांडवमा, आन जवाई उनमा. तुले लाज नही वाटस?”

वरातीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नाना हसायचा प्रयत्न करत होते. “आत्या, घरचंच काम आहे, म्हणून आपलं...”

“थांबा,” देवरे आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. “म्हणजे हे आमच्या पोराचे साडू. आणि तुम्ही मला सांगता, भाड्याने आणलाय.” ते वऱ्हाडाकडे वळले. “ऐकलंत का? थोरल्याला दारावर ठेवलंय. धाकट्याला बहुतेक जिनिंगमध्ये गठाणी मोजायला ठेवतील.”

पुन्हा तेच लोक हसले.

आबांना दीपकची काही पडली नव्हती. घडीभरापूर्वी त्यांनीच त्याला झुरळासारखं झटकलं होतं. पण व्याह्याची मानगूट अशी आयती हाती आली की ती कोण सोडतो? “आमच्यात जावयाचा असा अपमान चालत नाही, नाना,” ते म्हणाले. “यांना व्यासपीठावर बोलवा. सगळ्यांसमोर शाल-श्रीफळ द्या. त्याशिवाय अक्षता पडणार नाहीत.”

एवढं बोलून, सर्टिफिकेट न दाखवता, तपासणी न करता, मास्क हनुवटीखालीच ठेवून ते आत गेले. त्यांच्यामागे सगळं वऱ्हाड गेलं. कोणीच मोबाइल काढला नाही. नवरदेवाने जाताना दीपककडे ओशाळून पाहिलं आणि तोही गेला.

दीपकने कोट काढला. त्याची नीट घडी केली, सोनेरी अक्षरं आत येतील अशी, आणि ती रतिलालच्या हातात दिली.

“आता दारात उभं राहून उपयोग नाही,” तो म्हणाला. “आतल्यांना सांगा, म्हाताऱ्यांना पंख्याखाली मोकळ्यात बसवा.”

मोहिनीने पंचारती शेजारच्या काकूकडे दिली. “चला घरी.”

“अक्षता टाकू. ऋतिकाने काय केलंय?”

*

ते दोघं मांडवाच्या अगदी मागे, कनातीजवळ उभे राहिले. स्टेजवर गुलाबांची कमान होती, वरती फिरता कॅमेरा होता. निवेदक मोठमोठ्या पाहुण्यांची नावं घेत होता आणि प्रत्येक नावाला चार विशेषणं लावत होता. मग त्याच्या हातात चिठ्ठी आली.

“आता अभिमन परिवाराचे ज्येष्ठ जावई, आरोग्य क्षेत्रातील मान्यवर व्यक्तिमत्त्व, श्री. दीपकराव यांचा सत्कार होणार आहे. दीपकरावांनी कृपया व्यासपीठावर यावे.”

नाना शाल उघडून उभे होते. शेजारी आबा, हाताची घडी घालून, नाटक बघायला आल्यासारखे.

मोहिनी नवऱ्याकडे बघत राहिली. तो गेला असता तर तिने त्याला अडवलं नसतं. पण मग चाळीसगावच्या घरात ती त्याच्याकडे पुन्हा कधी वर मान करून बघू शकली असती की नाही, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

निवेदकाने दुसऱ्यांदा पुकारलं. माना वळू लागल्या. दीपक कनातीला टेकून उभा होता, हात पाठीमागे. त्याने मास्क नाकावर नीट ओढून घेतला आणि तो तसाच उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुसऱ्याच्या घरातलं भांडण रस्त्यावरून जाताना कानावर पडावं, तसा तो ऐकत होता.

“दीपकराव कुठे असतील तिथून कृपया...”

नाना स्टेजवर शाल धरून उभेच. हात अवघडले. कॅमेरा त्यांच्या तोंडावर होता, आणि ते तोंड मागच्या मोठ्या पडद्यावर घराएवढं दिसत होतं. उघडलेली शाल रिकामी मिटणं अशुभ, असं कोणीतरी खालून म्हणालं. नानांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शेवटी ती शाल त्यांनी देवरे आबांच्याच खांद्यावर घातली. नारळही त्यांनाच दिला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनीही नारळ कपाळाला लावला. थोरल्या जावयाचा मान धाकट्याच्या काकाला मिळाला आणि त्या भरलेल्या मांडवात कोणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. थोड्या वेळाने मंगलाष्टका सुरू झाल्या.

मोहिनीला हसू आलं. आई गेल्यापासून ती बापाला घाबरत होती, त्याच्यावर चिडत होती, त्याने कधीतरी आपल्याला समजून घ्यावं म्हणून आतल्या आत झुरत होती. पडद्यावरचा तो घामेजलेला माणूस बघताना तिला कळलं, की यातलं आता काहीच शिल्लक नाही. एवढ्याशा माणसासाठी आपण इतकं झुरलो, याचीच तिला शरम वाटली.

दोघांनी मागूनच अक्षता टाकल्या. पंगतीला वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी होती, पण ते जेवायला थांबले नाहीत. मोहिनी स्टेजवर गेली, ऋतिकाला जवळ घेतलं. ऋतिकाने पडद्यावर सत्काराचा प्रकार पाहिला होता, आणि फाटकावरचंही तिच्या कानावर आलं होतं. “ताई, मला काही ठाऊक नव्हतं गं,” ती म्हणाली. “मला नाना म्हणाले, दीपकभाऊंनीच हौसेने मागून घेतलंय.”

“तू आज रडू नको,” मोहिनी म्हणाली. “काजळ पसरेल.”

खाली उतरताना नानांनी तिला गाठलं. त्यांचा आवाज दबलेला होता, कारण पलीकडे पाहुणे होते. “नवऱ्याला एवढी घमेंड? चार पावलं चालून आला असता तर काय झिजला असता? माझी काय इज्जत राहिली?”

मोहिनीने त्यांच्याकडे पाहिलं. फेटा अजून कललेलाच होता. कोणी सांगितलं नव्हतं.

“नाना, तुम्ही जेवून घ्या,” ती म्हणाली. “बीपीची गोळी घ्यायची असेल.”

परक्या म्हाताऱ्याला सांगावं तसं तिने ते सांगितलं, आणि ती निघाली.

चाळीसगावच्या एसटीत गर्दी होती. पाचोऱ्याला जागा मिळाली. खिडकीशी बसल्यावर ती म्हणाली, “तुम्हाला राग कसा येत नाही?”

दीपकने जरा विचार केला. “दवाखान्यात आई विचारायच्या, हे कुठे आहेत? मी सांगायचो, आताच येऊन गेले, तुम्ही झोपला होतात. रोज सांगायचो. त्या माणसावर राग धरण्याइतकं काही माझ्यात तेव्हाच उरलं नाही.”

हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. तिने त्याच्या बाहीवरची अक्षत उचलून टाकली. कणा नसतो म्हणणारं आपलं तोंड तिला आठवलं.  तो पाचोऱ्याचा बाजार बघत होता.

*

उन्हाळा आला, अक्षय्य तृतीयेची आखाजी आली. आखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, बाप गाडी पाठवतो. नानांनीही रतिलालला पाठवलं. या वेळी गाडी नवी होती.

रतिलाल आत आला आणि दारातच थबकला. ऋतिका तिथे होती. ती धुळ्याहून आदल्या दिवशीच परस्पर चाळीसगावला आली होती. गच्चीवरच्या लोखंडी तुळईला झोका बांधला होता आणि दोघी बहिणी खापरावर मांडे करत बसल्या होत्या.

“नाना वाट बघताहेत,” रतिलाल म्हणाला. “सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय, दोन्ही पोरी येणार म्हणून.”

“सांगायला काय लागतं,” मोहिनी म्हणाली. तिने त्याला पाणी दिलं, चहा दिला. ताटही वाढलं असतं, पण तो अवघडून उठला.

“मग काय सांगू त्यांना?”

“तुम्हाला सुचेल ते सांगा, रतिलालभाऊ. आतापर्यंत तेच सांगत आलात.”

रतिलाल जिना उतरला, आणि त्याच वेळी दीपक सकाळचे नमुने लॅबमध्ये देऊन घरी आला. “खाली नानांची गाडी आहे,” तो म्हणाला.

“परत चाललीय,” मोहिनी म्हणाली.

“ड्रायव्हर जेवला का?”

तिने कपाळाला हात लावला. ड्रायव्हरचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ऋतिका हसायला लागली. मोहिनी पुटपुटत उठली, मांडा दुमडून ताटात ठेवला, वर आमरसाची वाटी ठेवली. दीपकने ताट घेतलं आणि गाडी वळायच्या आत पोचायला म्हणून तो जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.